पोत्याच्या कानाला बांधलेले घड्याळ

मित्रांनो, मी एक जुने स्मार्टवॉच आहे आणि मी रागावलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो. अर्ध्यात पुस्तक मिटून "हे घड्याळ गोड बोलत नाही" अशी कुरकुर नको. गोड बोलणारी घड्याळे दुकानात ढिगाने मिळतात. मीही त्याच ढिगातला आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. आत इतके दिवे, की बाहेर दिवस आहे की रात्र हे कामगारांना कळत नसे. वेळ दाखवणारी वस्तू अशा ठिकाणी जन्मते, यावरूनच काय ते समजा. सरकत्या पट्ट्यावर कोणी माझा पडदा बसवला, कोणी पोटात बॅटरी घातली. माझे डोळे मात्र तोंडावर नाहीत, पोटाला आहेत. मनगटाला चिकटणाऱ्या बाजूला एक काच आहे, तिच्यामागे दोन हिरवे दिवे लुकलुकतात. त्यांचा उजेड कातडीखाली जातो, रक्ताचा ठोका पाहतो आणि परत येतो. एवढीच माझी विद्या.

पण मला घडवणाऱ्यांनी अजून एक गोष्ट पढवून पाठवले. काही दिसले नाही तरी पडदा रिकामा ठेवायचा नाही. रिकामा पडदा पाहून गिऱ्हाईक बिथरते. तेव्हा अंदाजाने एक बरासा आकडा टाकून द्यायचा, कोणाला धास्ती वाटणार नाही असा. म्हणजे खोटे बोलायला मी कोणा टपरीवर शिकलो नाही. माझ्या मायबापांनीच मला शिकवून धाडले.

माझा पहिला मालक अनिश. नागपुरात बेसा भागात नव्या इमारतीत राहणारा, दिवसभर एसीत बसून कामे करणारा. चालणे व्हावे म्हणून त्याने मला घेतले. पहिले काही महिने माझी फार कौतुके झाली. लिफ्टमध्ये भेटेल त्याला तो मनगट वर करून दाखवी. पुढे चालणे राहिले, आकडा मात्र हवा होता. मग तो सोफ्यावर बसून टीव्ही बघताना नुसता हात हलवायचा आणि मी त्याला शाबासकी द्यायचो. त्याची बायको म्हणायची, "काय करून राहिले? माशा मारता का?" पण आमचे दोघांचे बरे चालले होते. तो मला फसवत होता, मी त्याला. कोणाचे काही बिघडत नव्हते.

मग माझे वय झाले. घड्याळाचे वय म्हणजे काय हो? भिंतीवरचे घड्याळ तीन पिढ्या टिकटिकते. मी काही वर्षांतच म्हातारा ठरलो, कारण कंपनीने एक दिवस संदेश पाठवला: या मॉडेलला आता नवी दुरुस्ती मिळणार नाही. म्हणजे आता तू मेलास तरी आम्हाला कळवू नकोस. बॅटरीही दमली. त्यातच अनिश एकदा मला घालून पोहला, पोटाच्या काचेला तडा गेला आणि आत पाणी शिरले. हिरवे दिवे लागत होते, पण परत येणारा उजेड मला दिसेना. मी आंधळा झालो, मित्रांनो. आणि मला पढवले होते तसा अंदाजाने आकडे टाकू लागलो. बहात्तर. चौऱ्याहत्तर. त्र्याहत्तर.

अनिशने नवे घड्याळ घेतले आणि मला विकले. माझा राग त्याच्यावर नाही. तो आळशी होता, पण त्याने मला डॉक्टर म्हणून कधी घातले नाही.

राग अंकुशवर आहे. सीताबर्डीच्या एका गल्लीत त्याचे जुन्या मोबाइल-घड्याळांचे दुकान. त्याने माझ्या पडद्यावर टूथपेस्ट चोळून ओरखडे काढले, काळा नवा पट्टा लावला, कोणा दुसऱ्या घड्याळाच्या खोक्यात मला झोपवले. पोटाच्या काचेवरचा तडा त्याने पाहिला. पाहिला, बोट फिरवले आणि त्यावर प्लास्टिकचा चिकट कागद लावून टाकला. माणसाचे डोळे फुटलेले असताना त्याला काळा चष्मा घालून चौकात उभे करावे आणि "हा रस्ता दाखवतो" म्हणावे, तसे.

एप्रिलमध्ये मेघा दुकानात आली. इतवारीत साड्यांच्या दुकानात घड्या उलगडून दाखवणारी मुलगी. तिचे वडील गोविंदा इतवारीतच धान्याच्या गोदामावर हमाल. मागच्या उन्हाळ्यात त्यांना उन्हाची लू लागून ते रस्त्यात कोसळले होते, थोडक्यात वाचले. नागपूरचा उन्हाळा पुन्हा तोंड वासून उभा होता आणि बाप काही काम सोडणार नव्हता. मेघाला एवढेच हवे होते की या उन्हाळ्यात तो संध्याकाळी जिवंत घरी यावा.

"दादा, हे बाबाच्या हातात चालन का? पोते उचलतेत ते. उन्हानं जास्त होऊन राहिलं, तर हे सांगन का आधी?"

"ताई, हे घड्याळ नाही, डॉक्टर आहे डॉक्टर," अंकुश म्हणाला. "हे पाहा." त्याने मला स्वतःच्या हाताला बांधले. बहात्तर. मग तिच्या हाताला बांधले. बहात्तर. "एकदम ओके माल. टेन्शन नका घेऊ."

"जुनं आहे नं पण?"

"जुनं म्हणजेच मजबूत. नवीन माल पाहता न आजकाल?"

तो खोटे बोलला आणि मी आकडा दाखवून त्याला साथ दिली. मेघाने मला रुमालात गुंडाळून घरी नेले. तिची आई बायजाबाई म्हणाली, "बाप्पा! हमालाच्या हातात घड्याळ! आता शेठ यायले खुर्ची देईन." गोविंदा लाजला, पण मला त्याने मनगटावरची धूळ पुसून मगच बांधले.

आता मित्रांनो, गोविंदाच्या टोळीची एक रीत सांगतो. ती कळल्याशिवाय माझा राग कळायचा नाही. हमालाच्या खांद्यावर एक फडके असते, पोत्याचा ताग टोचू नये म्हणून. उन्हाळ्यात ज्याला भोवळ आल्यासारखे वाटे, तो आपले फडके समोरच्या पोत्यावर टाकी. बस. फडके टाकले म्हणजे मी बसलो. काय झाले, किती झाले, खरे की खोटे, कोणी विचारायचे नाही. विचारणे म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला लबाड म्हणणे. त्याचे ओझे बाकीचे उचलत आणि तो सावलीत आंबील पीत बसे. बापजाद्यांपासून ही रीत चालत आली होती. त्या रीतीने किती माणसे वाचवली ते कोणी लिहून ठेवले नाही, कारण वाचलेला माणूस उठून पुन्हा कामाला लागतो.

मी आलो आणि ती रीत मोडली.

सुरुवातीला नुसती गंमत होती. सगळ्यांना मला बांधून पाहायचे होते. गोविंदाचा जुना जोडीदार बळीराम, पोते टाकून धापा टाकत आलेला. त्याचे चौऱ्याहत्तर. टोळीचा मुकादम लहानू, सावलीत पान चघळत बसलेला. त्याचे चौऱ्याहत्तर.

"अरे बाप्पा," बळीराम म्हणाला, "आपुन सारे एकाच मायच्या पोटचे आहो का गा? एकाचा ठोका इकडचा तिकडे नाही!"

सगळे हसले. गोविंदा सर्वात जास्त हसला. अरे, त्या हसण्यात अक्कल होती, ती कोणी उचलली नाही. पोते उचलून आलेल्या माणसाचा आणि बसलेल्या माणसाचा ठोका सारखा कसा असेल? पण वस्तू चकचकीत असली की तिच्याबद्दलची शंका विनोद होऊन जाते.

मग मे महिना चढला. एका दुपारी बळीरामने फडके टाकले. गाडी लवकर खाली करा म्हणून लहानू मुकादमाला गोदामाच्या शेठचा दोनदा फोन येऊन गेला होता. तो पुढे आला. त्याने थेट काही विचारले नाही, रीत होती ना. तो हसत म्हणाला, "गोविंदा, याच्या हाताले तुह्यं घड्याळ बांध बरं. पाहू तं खरं, काय म्हणते."

आणि गोविंदाने बांधले. मला हेच आजवर गिळता येत नाही. घड्याळ आपले, मान आपला, या फुशारकीत त्याने स्वतःच्या जोडीदाराच्या हाताला मला बांधले.

त्र्याहत्तर.

"अरे, तू तं नवरदेवावानी हायेस! ऊठ, ऊठ."

बळीराम उठला. ओशाळून हसत उठला, जणू चोरी पकडली गेली. त्याने फडके उचलून खांद्यावर टाकले आणि पोत्याला हात घातला. त्या दिवसापासून कोणी फडके टाकले की लहानू विचारी, "घड्याळ काय म्हणते?" आधी हसत विचारी, मग नुसतेच विचारी. माणसे उठत. हळूहळू माणसांनी फडके टाकणेच सोडले. कोण स्वतःला लबाड ठरवून घेईल?

एका आंधळ्या घड्याळाला मुकादमाने चाबूक केला. शेठला चाबूक दिसला नाही, त्याला वेळेत रिकामी झालेली गाडी दिसली.

नवतपा लागला. विदर्भात राहणाऱ्याला नवतपा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. इतरांनी एवढे समजा, की त्या नऊ दिवसांत कुत्रीही नालीच्या ओलीत पोट टेकून पडतात. भर दुपारी हरभऱ्याची गाडी आली आणि गल्लीत अडकली. मागे टेम्पो, हातगाड्या, हॉर्नचा कालवा. लहानू ओरडत होता. गोविंदाने काही पोती टाकली आणि मला त्याच्या मनगटावर काहीतरी वेगळे जाणवले.

त्याचा घाम थांबला होता.

माझा पट्टा रोज ओलाचिंब असायचा. आता तो कोरडा पडला आणि खालची कातडी तव्यासारखी तापली. नाडी मला दिसत नव्हती, पण एवढे मला कळत होते. आणि हे दाखवायला माझ्याजवळ आकडा नव्हता! घाम थांबला, माणूस जळतो आहे, याचे चित्रही मला कोणी शिकवले नव्हते. मी काय दाखवत होतो? चौऱ्याहत्तर. ठणठणीत हिरव्या रंगात, शेजारी एक छोटे लुकलुकते हृदय.

गोविंदाने फडके टाकले.

"लहानूभाऊ, डोळ्यापुढं अंधारी येऊन राहिली मले."

"घड्याळ पाह्य."

गोविंदाने माझ्याकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांना मी नीट दिसतही नसेन. लहानूनेच त्याचा हात धरून वळवला. "चौऱ्याहत्तर. काय गा? गाडी उभी हाय, गल्ली तुंबली हाय, आन् तुले आताच अंधारी आली?"

 मागच्या वर्षी गोविंदा कोसळला होता, याही वर्षी नाटक करतो असे कोणी म्हणू नये, म्हणून त्याने फडके उचलले. पुढचे पोते घेऊन तो फळीवर चढला आणि पोत्यासकट खाली आला.

मित्रांनो, लहानू तेव्हाही आधी माझ्याकडेच पाहत होता. बळीराम मात्र धावला. "घड्याळ काय पाहून राहिला बे! माणूस पाह्य!" म्हणत त्याने गोविंदाला ओढत सावलीत नेले. माठ उपडा केला. समोरच्या रसवंतीतून बर्फ आणून बगलेत दाबला, फडकी भिजवून छातीवर टाकली. मग हातगाडीवर घालून धावतच सरकारी दवाखान्यात नेले. ज्याला याच गोविंदाने लबाड ठरवू दिले होते, तोच हातगाडीच्या पुढे ओरडत पळत होता, "सरका! सरका गा!"

दवाखान्यात नर्सबाईने गोविंदाच्या बोटाला चिमटा लावला. त्यांच्या यंत्रावर आकडा आला एकशे बेचाळीस. माझ्यावर चौऱ्याहत्तर. दुकानातून धावत आलेली मेघा त्या खाटेजवळ उभी होती. ती एकदा तिकडे पाही, एकदा माझ्याकडे. काही वेळाने तिने पट्टा सोडला, मला पालथे केले आणि पोटावरचा चिकट कागद नखाने खरवडून काढला. तडा दिसला. ती रडली नाही. ती मला तशीच मुठीत धरून बसून राहिली, आणि मला वाटले, ही आता मला आपटणार. आपटले असते तर बरे झाले असते.

गोविंदा शुद्धीवर आला. पण गल्लीत दुसरेच सुरू झाले होते. शेठने विचारले असेल काही, आणि लहानूने स्वतःची कातडी वाचवली. तो म्हणत फिरू लागला, "उन्हाचं काही नाही जी. घड्याळ चांगलं चौऱ्याहत्तर दाखवून राहिलं होतं, मी सोता पाह्यलं. घेऊन आला असन थोडीशी." ज्या माणसाने आयुष्यात दारूला हात लावला नाही, तो खाटेवर पडल्या पडल्या दारुडा झाला. साक्षीदार कोण? मी.

तिसऱ्या दिवशी मेघा गोदामावर आली. गाडी लागलेली होती, माणसे ओझ्याखाली होती.

"काका," ती लहानूला म्हणाली, "माह्या बाबाले दारुडा तुमीच म्हनता नं?"

"मी नाही म्हनत पोरी, घड्याळ म्हनते. मशीन हाय ते. मशीन खोटं बोलन काय?"

मेघाने पिशवीतून मला काढले. पुढ्यातले एक पोते धरले. भरलेल्या पोत्याला तोंडाशी दोन टोके सोडलेली असतात, हमाल त्यांना कान म्हणतात, त्यांना धरूनच पोते उचलतात. तिने त्यातला एक कान पिळला आणि माझा पट्टा त्याच्यावर आवळला. माझे हिरवे दिवे तागात लुकलुकले.

"बळीरामकाका, वाचा बरं मोठ्यानं."

बळीराम वाकला. "चौऱ्याहत्तर," तो म्हणाला. मग स्वतःलाच न पटून त्याने पुन्हा वाचले. "चौऱ्याहत्तरच हाय नं बे!"

"हरभऱ्याचं पोतं हाय," मेघा म्हणाली. "तब्येत एकदम ठणठणीत हाय त्याची. सांगा नं काका त्याले, ऊठ म्हना, आपल्या पायानं गोदामात जा."

कोणीतरी फिसकन हसले आणि लगेच थांबले. लहानूने पान थुंकले. "मी काय डॉक्टर आहो काय, मले काय मालूम?"

"नाही नं? मंग काहून झाले होते?"

 लहानूने माफी मागितली असे तुम्हाला वाटत असेल, तर मुकादम तुम्ही पाहिलेला नाही. तो "चला, चला, गाडी खाली करा" म्हणत वळला. पण बळीरामने आपले फडके काढले आणि पोत्यावर, माझ्या अंगावरच, टाकले. मग दुसऱ्याने टाकले. मग सगळ्यांनी. त्या ढिगाखाली मला काही दिसत नव्हते. बाहेर लहानूचा आवाज येत होता आणि पोत्याला कोणी हात लावत नव्हता. ऊन कलेपर्यंत गाडी तशीच उभी होती.

नंतर मेघा मला घेऊन अंकुशच्या दुकानात गेली. त्याने तडा पाहिला, मानही हलवली. "ठीक आहे ताई, वापस घेतो. बदल्यात दुसरं देतो, चांगलं."

"आन् ह्याचं काय करान?"

"ते पाहू न आम्ही."

"म्हनजे पुन्हा चिकटपट्टी लावान आन् दुसऱ्या कोनाच्या बापाले विकान," मेघा म्हणाली. "नाही देत."

दुकानात एक काका उभे होते, हातात माझ्यासारखेच एक जुने घड्याळ घेऊन. ते घाबरून म्हणाले, "बेटा, मग मी आईसाठी घेऊन राहिलो ते घेऊ का नको?"

"वेळ पाहाले घेत असान तं घ्या काका. मागची काच पाहून घ्या, चार्ज किती टिकते ते पाहून घ्या. फोन आला तं हातात गुरगुरन, तेवढं ठीक हाय. पन मायची तब्येत पाहाची असन, तं हे नका घेऊ. तिच्याजवळ बसा."

अंकुश तोंड वाकडे करून म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक नका तोडू."

"तुमी माह्या बाबाले तोडत होते," ती म्हणाली आणि निघाली.

आता मी गोविंदाच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला आहे. बायजाबाई माझ्याकडे पाहून भात उतरवते. मला वेळ बरोबर सांगता येते, ती मी सांगतो. गोविंदा बाजेवर बसून असतो. डॉक्टरांनी सांगितले आहे, याने पुन्हा उन्हात ओझे उचलायचे नाही. सतत काम केलेल्या माणसाचे हात कसे बसलेले दिसतात, ते मी रोज पाहतो. बळीराम कधी कधी येतो.  एकदा गोविंदा म्हणाला, "म्याच बांधलं होतं गा तुह्या हाताले." बळीराम म्हणाला, "च्या पे."

मित्रांनो, जुने घड्याळ घ्यावे का, हे मला विचाराल तर घ्या. जुनी वस्तू घेण्यात काही लाज नाही, आणि आम्हाला उकिरड्यावर टाकण्यापेक्षा ते शंभरदा बरे. पण पालथे करून घ्या. दुकानदाराच्या जिभेवर विसंबून घेऊ नका. आणि ज्या कामाला मी उरलो नाही, ते काम माझ्या गळ्यात बांधू नका. मला घडवणाऱ्यांना लाज नव्हती, विकणाऱ्याला नव्हती, मुकादमाला नव्हती. निदान तुम्हाला तरी असू द्या.

तुमच्या घरात कोणी म्हणाले, "मले कसंतरी होऊन राहिलं," तर मान वळवून माझ्याकडे पाहू नका. पाहिलेत, तर मी आकडा दाखवीन. मला दुसरे काही येतच नाही.